डाव्या हाताचा अर्ज

पैठण रोडला, चितेगावात, पत्र्याचे सुटे भाग करणारा एक कारखाना होता. तिथं ठोका मारून पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर पुरुष बसायचे आणि बायकांना कडा घासायला नाहीतर पॅकिंगला लावायचे. द्वारकाबाई सांडू ही त्या कारखान्यात प्रेसवर बसलेली पहिली बाई. कुणी बसवली नव्हती, तिनंच मागून घेतलं होतं. सुपरवायझर हसला होता. "बाई, ह्ये काय पोळपाट-लाटणं नाय." आपलं काम आटोपलं की ती प्रेसपाशी जाऊन उभी राहायची आणि चालवणाऱ्याचे हात बघायची. एकदा एक माणूस आजारी पडला, ऑर्डर अडली, तेव्हा ती न विचारता जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत तिच्या मालात एकही तुकडा वाकडा निघाला नाही. पुढं पुढं तर नवीन आलेल्याला मशीनमध्ये डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, कशी बसवायची हे शिकायला तिच्याकडंच पाठवायला लागले.

तिचा नवरा रामकिसन एका गोदामावर वॉचमन होता. मूळ घर करमाडच्या अलीकडच्या एका वस्तीवर. थोडी शेती होती, ती भाऊबंद करायचे. नवरा, बायको आणि सासू साळूबाई असे तिघं चितेगावात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत. द्वारका दहावी झालेली होती आणि घरात तेवढंच शिक्षण होतं, त्यामुळं लाईट बिलापासून रेशनच्या कागदापर्यंत सगळं तीच बघायची.

दिवाळीच्या आधीची घाई होती. तिनं पॅडलवरचा पाय काढला होता, तरी मशीननं आपणहून दुसरा ठोका मारला. तो का पडला ह्याची पुढं चौकशी झाली, मशीन दुरुस्तीला गेलं, सुपरवायझर बदलला. द्वारकाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. दोन वाचली, पण ती आखडून बसली. अंगठा तेवढा शाबूत राहिला. जखम भरली, टाके निघाले, डॉक्टरांनी रबराचा चेंडू दाबायला दिला. पण मूठ काही वळेना.

"आता बोर्डापुढं जावं लागंल," दवाखान्यातल्या माणसानं सांगितलं.

कामगार विम्यात तशी सोय असते. कामावर कायमचं अपंगत्व आलं तर डॉक्टरांचा बोर्ड माणसाला तपासतो, कमाईची ताकद किती टक्के गेली ते ठरवतो, आणि मग त्या हिशेबानं दरमहा पेन्शन चालू होते. तिकडं कारखान्यानंही तेच धरलं. "बोर्डाचा कागद आणा, मग तुम्हाला झेपंल असं काम बघू," मॅनेजर म्हणाला. माणूस वाईट नव्हता, पण कागदाशिवाय त्याचाही हात चालेना. म्हणजे पेन्शनही बोर्डावर अडली आणि नोकरीही.

बोर्ड संभाजीनगरात एका सरकारी दवाखान्यात बसायचा. पहिल्यांदा रामकिसन रजा टाकून तिच्याबरोबर गेला. क्रांती चौकात उतरून दोघं चालत गेले. खिडकीवरच्या बाबूनं कागद घेतला, तारीख दिली आणि निळी शाई पुढं सरकवली.

"अंगठा लावा."

"सही येती मला," द्वारका म्हणाली.

बाबूनं तिच्या आखडलेल्या हाताकडं बघितलं. "कुठल्या हातानं करताय? लावा मावशी, मागं लोक खोळंबलेत."

तो काही टोचून बोलला नव्हता. त्याला फक्त घाई होती. पण द्वारकाला ते लागलं. तिनं डावा अंगठा लावला, आणि मग आवारातल्या नळाखाली तो कितीतरी वेळ चोळत उभी राहिली. रामकिसन म्हणाला, "अगं, जाईल आपोआप."

"जाईल ओ," ती म्हणाली. पण चोळायची थांबली नाही.

दिलेल्या तारखेला बोर्ड बसलाच नाही. हाडांच्या डॉक्टरांची बदली झाली होती आणि त्यांच्या जागी कुणी आलं नव्हतं. पुढच्या तारखेला निवडणुकीची ड्यूटी निघाली. त्याच्या पुढच्या वेळी कुठंतरी शिबिर होतं. एकदा तर दोन डॉक्टर येऊन बसले, पण तिसऱ्याशिवाय बोर्ड पुरा होत नव्हता, म्हणून तेही दुपारी उठून गेले. दर वेळी खिडकीतून तोच आवाज यायचा, "आज नाही. पुढची तारीख घ्या." हिवाळा संपला, उन्हाळा लागला. रामकिसनच्या रजा संपल्या. मग द्वारका एकटीच जायला लागली.

घरी ती पहिले काही आठवडे नुसती बसून असायची. डाव्या हातानं घास नीट तोंडात जाईना. पाणी ओतायला गेली की तांब्या कलंडायचा. साळूबाईनं आधी सगळं केलं. सुनेची वेणी घातली, पातळाच्या निऱ्या घालून दिल्या. पण एका सकाळी ती परातीपुढून उठली आणि पिठाचा गोळा तिथंच ठेवून म्हणाली, "थाप."

"आत्याबाई, एका हातानं भाकर व्हती का?"

"मला काय ठाऊक. मी कुठं केलीया कधी एका हातानं. करून बघ आन् मला सांग."

पहिली भाकरी तव्यावर टाकता टाकता फाटली. दुसरी नकाशासारखी झाली. साळूबाईनं ती नकाशासारखी भाकरी आपल्या ताटात घेतली आणि ठेच्याबरोबर चावून चावून खाल्ली. हळूहळू द्वारकाच्या लक्षात आलं की उजवा तळवा अजून तळवाच आहे. बोटं नसली तरी तो परात धरून ठेवू शकतो, गोळ्याला टेकण देऊ शकतो. फिरवायचं काम डाव्याचं. भाकरी गोल झाली त्या दिवशी दोघींनीही त्याबद्दल एक शब्द काढला नाही. पण साळूबाई शेजारणीकडं जाऊन बराच वेळ बसून आली.

आठवडी बाजारातून साळूबाईनं एक पाटी आणि पेन्सिलीचा डबा आणला.

"ह्ये कुणाला?"

"तुला. मला तर दोन्ही हातांनी येत नाय. तुझा एक हात इसरला, तर दुसऱ्याला सांग."

द्वारका हसली. पण त्या दुपारी दार लोटून तिनं पाटी मांडीवर घेतली. डाव्या हातानं काढलेला 'द' उलटाच पडला, आरशात दिसतो तसा. 'र' कोलमडला. लहानपणी शाळेत हात धरून गिरवून घेणाऱ्या बाई होत्या, आता हात धरायला कुणी नव्हतं. ती रोज दुपारी गिरवायची. पाटीवरून कागदावर आली, पेन्सिलीवरून पेनवर. अक्षर मोठं यायचं, तिरपं यायचं, ओळ वर चढत जायची. पण वाचता यायचं.

त्याच सुमारास रामकिसनच्या ओळखीचा पुंजाराम घरी यायला लागला. पुंजारामचं एक बोट बऱ्याच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीत गेलं होतं. त्याला पेन्शन होती आणि बोर्डाचं सगळं तो जाणून होता. मनानं चांगला होता. चहा घेता घेता तो समजावून सांगायचा.

"वहिनी, ऐका. बोर्डापुढं हात मेल्यावानी ठिवायचा. डॉक्टर म्हणलं दाबा, तर दाबायचं नाय. पाणी दिलं तर तुम्ही उचलायचं नाय, रामकिसननं पाजायचं. आन् सही बिही अजिबात करायची नाय. अंगठा! डाव्या हातानं लिहिता येतं म्हणल्यावर ते काय म्हणतील? म्हणतील, ही तर चांगली चालती-फिरती, हिचं काय गेलंय. टक्के निम्मे व्हतील."

"भाऊ, गेला तर उजवा हात ना?"

"ते तुमाला-मला कळतं. तिथं टक्के मोजत्यात."

पुंजाराम गेल्यावर रामकिसन म्हणाला, "त्याचं खरं हाय, द्वारका. एवढे दिवस थांबलो, आता कशाला जोखीम? एक दिवस अंगठा दिला तर काय बिघडतं?"

द्वारका भाकरीचं पीठ चाळत होती. चाळणी तिनं उजव्या कोपरात धरली होती आणि डाव्या हातानं टिचक्या मारत होती. "बघू," म्हणाली. रामकिसनला तो 'बघू' ओळखीचा होता.

त्यानंतरच्या तारखेची गोष्ट. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकं भरून गेली होती. तारखा पुढं ढकलून ढकलून माणसं साचत गेली होती. आता चेहरे एकमेकांच्या ओळखीचे झाले होते. त्यात कडूबा नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते, करमाडचे. एका गोदामात मालाची गाडी पायावर गेली आणि पाय गुडघ्याखालून काढावा लागला. ते कुबड्या घेऊन, दोन गाड्या बदलून यायचे. बरोबर कुणी नसायचं. द्वारकाच्या माहेरचं कुणी करमाडात होतं, त्यावरून ते तिला 'लेकी' म्हणायचे.

दुपार कलली. खिडकी उघडली आणि आवाज आला, "हाडांचे डॉक्टर नाहीत. बोर्ड पुढच्या महिन्यात."

माणसं उठायला लागली, पिशव्या उचलायला लागली. कडूबांनी कुबड्या काखेत घेतल्या. व्हरांड्याच्या पायरीवर फरशी ओली होती. एक कुबडी सटकली आणि ते खाली बसले ते तिथंच. लागलं फार नाही. द्वारकानं आणि अजून एकानं धरून उठवलं. पण कडूबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पुसून म्हणाले, "पडल्याचं काय नाय गं. पण मी आता येणार नाय. माझा पाय गेलाय ह्ये मलाच पुन्यापुन्या सांगायला येऊ का हितं?"

द्वारकानं त्यांना बाकावर बसवलं आणि ती खिडकीपाशी गेली.

"बाबूसाहेब, बोर्ड का बसत नाय?"

"सांगितलं ना. डॉक्टर नाहीत."

"मग ते आणायचे कुणी?"

"हे मला विचारून काय फायदा? मोठ्या मॅडमला विचारा. नवीन आल्यात, वरच्या मजल्यावर. पण तोंडी काही चालत नाही, लेखी अर्ज लागतो. बाहेर झेरॉक्सवाल्याकडून लिहून आणा."

"कागद द्या एक."

बाबूनं मान वर केली. काय वाटलं कुणास ठाऊक, पण त्यानं कोरा कागद दिला आणि खिशातलं पेनही दिलं.

द्वारका बाकावर कडूबांच्या शेजारी बसली. कागद पिशवीवर ठेवला, उजव्या तळव्यानं दाबून धरला आणि डाव्या हातानं लिहायला लागली. पहिली ओळ लिहितानाच तिला पुंजाराम आठवला. ह्या कागदावर आपलं अक्षर आणि आपलं नाव दोन्ही राहणार, आणि उद्या हाच कागद बोर्डाच्या टेबलावर येणार. पेन थोडं थांबलं. शेजारी कडूबा धापा टाकत होते. ती पुढं लिहायला लागली.

निघालेली माणसं थांबली होती. कुणी मागून वाचत होतं. "हे पण लिहा ताई, की उन्हात थांबावं लागतं." "आमची कंपनी म्हणती कागद आणा, ते लिहा." तिनं सगळं लिहिलं नाही. एवढंच लिहिलं की आम्ही कामावर जखमी झालेली माणसं आहोत. आमची तपासणी वेळेवर होत नाही म्हणून आमची पेन्शन अडली आहे आणि आमचं कामही अडलं आहे. हाडांचे डॉक्टर इथं नसतील तर ते दुसरीकडून बोलवावेत. आम्ही दया मागत नाही, तारीख मागतो. ओळी वर वर चढत गेल्या होत्या. अक्षरं मोठी, एकमेकांना धक्के देणारी. खाली तिनं पूर्ण नाव घालून सही केली. मग ज्याला जसं जमलं तसं त्यानं केलं, कुणी सही, कुणी अंगठा.

अर्ज घेऊन ती वर गेली. मोठ्या मॅडमचं नाव डॉक्टर भानुमती. पन्नाशीच्या, केस पांढरे, चष्मा गळ्यात अडकवलेला. त्यांनी चष्मा लावून अर्ज वाचला. वाचताना कागद थोडा तिरका धरला, कारण ओळी तिरक्या होत्या.

"कुणी लिहिलाय हा?"

"मी."

मॅडमनी तिच्या उजव्या हाताकडं बघितलं, मग डाव्या हाताकडं, मग पुन्हा कागदाकडं. "बसा," म्हणाल्या. "कधीपासून येताय?"

"दिवाळीआधी अपघात झाला. जखम भरल्यापासून येती. पण माझं ऱ्हाऊ द्या मॅडम. खाली एक आजोबा हायेत, कुबड्यांवर येत्यात करमाडहून. ते म्हणत्यात आता येणार नाय. तुम्ही एकदा खाली चला."

मॅडम खरंच खाली आल्या. व्हरांड्यात उभ्या राहून त्यांनी बाकांवरच्या एकेकाशी बोलून घेतलं. कडूबांपाशी त्या सगळ्यांत जास्त वेळ थांबल्या. मग बाबूला म्हणाल्या, "शहरात हाडांचे डॉक्टर एवढे आहेत. दुसऱ्या हॉस्पिटलला पत्र गेलं होतं का?"

बाबू म्हणाला, "मागचे साहेब म्हणाले होते, जागा भरली की बघू."

"जागा भरेल तेव्हा भरेल. पत्र आज जाईल."

आणि खरोखरच पुढच्याच आठवड्यात बोर्ड बसला. दुसऱ्या हॉस्पिटलातून डॉक्टर मधुसूदन नावाचे तरुण डॉक्टर आले होते. बोर्डाची खोली पहिल्या मजल्यावर होती, ती मॅडमनी त्या दिवसापुरती खाली आणली. सगळ्यात आधी नाव पुकारलं ते कडूबांचं.

द्वारकाचा नंबर दुपारी लागला. रामकिसन रजा मिळवून आला होता. दाराशी त्यानं हळूच विचारलं, "मग? काय ठरवलं?"

"खरं ते," ती म्हणाली आणि आत गेली. रामकिसनही मागोमाग गेला.

टेबलामागं तिघं होते. डॉक्टर भानुमती, डॉक्टर मधुसूदन आणि तिसरे एक वयस्कर डॉक्टर. मधुसूदननी तिचा हात हातात घेतला. एकेक सांधा वाकवून बघितला, कोन मोजले, टाचणीच्या टोकानं कुठं कळतं आणि कुठं नाही ते पाहिलं. मग पकड मोजायचं यंत्र तिच्या उजव्या तळव्यात दिलं.

"दाबा. जेवढा जोर आहे तेवढा लावा."

द्वारकानं श्वास घेतला आणि दाबलं. दंडाच्या शिरा वर आल्या, ओठ दाताखाली गेला, कपाळावर घाम आला. रामकिसन भिंतीपाशी उभा राहून बघत होता. काटा जागचा हलला न हलला.

"अजून?"

"एवढाच हाय, साहेब."

मधुसूदन तिच्या दंडाकडं बघत होते. "लोक दाबतच नाहीत," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मग मला अंदाज करत बसावं लागतं." त्यांनी आकडा लिहून घेतला.

तिसऱ्या डॉक्टरांपुढं अर्ज पडलेला होता. त्यांनी तो उचलला. "हा तुम्हीच लिहिलाय असं मॅडम म्हणाल्या."

"व्हय."

"डाव्या हातानं इतकं लिहिता. घरातलं काम?"

"करती. भाकरी करती, धुणं धुती."

रामकिसननं डोळे मिटून घेतले.

"मग बाई, तुमचं तर बरंच सगळं चालतंय. नुकसान कमीच म्हणायचं की."

द्वारकानं उजवा हात उचलून टेबलावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

"साहेब, मी प्रेसवर बसत होती. आमच्या कारखान्यात पहिली बाई. त्या मशीनला दोन हात लागत्यात, आन् दोन्ही सारखे लागत्यात. ते काम आता मला व्हणार नाय, कितीबी शिकले तरी. लिहायचं म्हणता, तर ते मी ह्या बोर्डाची वाट बघता बघता शिकले. तुम्ही पहिल्या तारखेला बसला असता, तर मला डाव्या हातानं एक अक्षर येत नव्हतं. उशीर तुमच्याकडून झाला, त्यात मेहनत मी केली. ती मेहनत माझ्या बोटांच्या जागी मोजू नका."

तिचा आवाज चढला नव्हता. टेबलावरचा हात तिनं मागं घेतला नाही.

मधुसूदन म्हणाले, "सर, आपल्याला उजवा हात मोजायचाय. डावा हात त्यांचा त्यांनी कमावलाय."

वयस्कर डॉक्टरांनी अर्ज खाली ठेवला. मग मान हलवून म्हणाले, "बरोबर आहे. विचारणं माझं कामच होतं, बाई. राग मानू नका."

"राग नाय साहेब. विचारलं म्हणून मला सांगता तरी आलं."

डॉक्टर भानुमतींनी रजिस्टर तिच्याकडं वळवलं. शाईचा डबा शेजारीच होता, त्याला त्यांनी हात लावला नाही. द्वारकानं डाव्या हातात पेन घेतलं आणि सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. रामकिसनचे डोळे आता उघडे होते. बाहेर आल्यावर क्रांती चौकात पोचेपर्यंत चालता चालता तो मधूनच तिच्याकडं बघायचा आणि पुन्हा समोर बघायचा. मग रसाच्या गाड्यापाशी थांबून म्हणाला, "तुझ्या जागी मी असतो, तर मला नसतं बोलता आलं."

"तुम्ही व्हतात की तिथं."

"व्हतो. म्हणून तर म्हणू राह्यलो."

महिन्याभरात कागद आला. टक्के पुंजारामच्या अंदाजापेक्षा थोडे कमीच होते. पुंजाराम हळहळला. "वहिनी, अंगठा दिला असता ना, तर अजून वर गेले असते."

साळूबाई कोपऱ्यात शेंगा फोडत होती. ती म्हणाली, "मंग हिच्यापाशी अंगठाच ऱ्हायला असता."

पेन्शन चालू झाली. कारखान्यानं आधी तिला गेटवर बसवायचं म्हटलं. तिनं मॅनेजरला सांगितलं, "गेटवर कुणीबी बसंल. प्रेसवर नवीन माणसं येत्यात, त्यांना शिकवायचं काम मला द्या. हात कुठं ठिवायचा आन् कुठं नाय, ते मी सांगती. माझं ते ऐकतील." मॅनेजर विचार करतो म्हणाला. दोन आठवडे केला, आणि मग तिला तेच काम दिलं. पहिल्याच तुकडीत तिच्यापुढं दोन बायका होत्या.

दवाखान्यात डॉक्टर भानुमतींनी बोर्डाचा वार ठरवून दिला आणि हाडांच्या डॉक्टरांची पाळी लावून घेतली. तरी एखादी तारीख चुकते, नाही असं नाही. पण आता चुकली तर माणसं गपचूप पिशव्या उचलत नाहीत. कडूबांच्या पायाचं माप घेऊन झालं होतं. नवा पाय लावून ते चालायला शिकत होते आणि फोनवर द्वारकाला रोजच्या तक्रारी सांगत होते.

उन्हाळ्याच्या शेवटी करमाडला भाऊबंदांत लग्न निघालं. द्वारकाच्या अपघातानंतर पहिल्यांदाच सगळे नातेवाईक एका ठिकाणी भेटत होते. मांडवात बायका तिच्याभोवती जमल्या. एक लांबची नणंद तोंडाला पदर लावून म्हणाली, "बिचारी गं. कसं व्हायचं हिचं आता."

साळूबाई पलीकडं पानाचा विडा लावत बसली होती. ती उठून आली. तिचा आवाज तसाही मोठा, त्या दिवशी मांडवाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला.

"बिचारी कुणाला म्हणती? ह्या बाईनं सरकारी बोर्ड बसवलाय, बोर्ड! डॉक्टर न्हवता, तर दुसऱ्या दवाखान्यातनं आणवला. मोठी मॅडम हिच्यामागं जिना उतरून खाली आली. तिथं बसल्याल्या समद्यांची कामं झाली. इचार तुझ्या गावातल्या कडूबाला. बिचारी म्हणं!"

"आत्याबाई, बास की," द्वारका लाजून म्हणाली. कान लाल झाले होते तिचे.

"का बास? मी तर अजून भाकरीचं सांगितलंच नाय."

बायका हसल्या. ती नणंदही हसली आणि सरकून तिनं साळूबाईला जागा करून दिली. तेवढ्यात मांडवात पंगत बसली आणि वाढप्यांची ओरड सुरू झाली. एक माणूस कमी पडत होता. द्वारकानं पदर खोचला, बुंदीच्या बादलीची कडी उजव्या कोपराच्या खोबणीत अडकवली, डाव्या हातात डाव घेतला आणि ती पहिल्या पानापासून वाढत निघाली.

"घ्या दादा," म्हणत ती वाकत होती, "पोटभर घ्या."